दागिन्यांच्या दुकानात काटा कुठे असावा?

दागिन्यांच्या दुकानाचा आराखडा करायला बसलं की मालकांच्या मागण्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. दर्शनी भाग दुमजली हवा. आत पाऊल टाकताच डोळे दिपले पाहिजेत. नवरीच्या खरेदीसाठी वेगळं दालन, हिऱ्यांसाठी वेगळं, फोटो काढायला एक सजवलेला कोपरा, मुलांना खेळायला जागा. गिऱ्हाईक आलं की दोन तास रमलं पाहिजे. काट्याचा विषय निघतो सगळ्यात शेवटी, विजेचे पॉइंट ठरवताना. ‘तो काय, बिलिंगपाशी कुठेतरी बसेल.’ मी दुकानांच्या अंतर्गत सजावटीची कामं करते आणि हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलं आहे, की त्यावर एकदा सविस्तर लिहायलाच हवं असं वाटू लागलं.

माझं म्हणणं असं आहे. दागिना घेणारा माणूस तीन गोष्टींचे पैसे मोजतो: वजन, कस आणि घडणावळ. या तीन गोष्टी दुकानात जिथे ठरतात, त्या जागा सगळ्यात उजेडाच्या, सगळ्यात मध्यवर्ती आणि बसायला सगळ्यात सोयीच्या असल्या पाहिजेत. आज होतं ते नेमकं उलट. सगळी कल्पकता आणि सगळा खर्च गिऱ्हाइकाला भारून टाकण्यावर होतो आणि मोजमाप कोपऱ्यात ढकललं जातं. हा मालकाच्या आवडीनिवडीचा खासगी मामला आहे असं मी मानत नाही. एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅम शुद्ध सोन्याचा भाव एक लाख रुपयांवर गेला. आपल्याकडे असंख्य घरांची शिल्लक बँकेइतकीच बांगड्या-पाटल्यांत असते. ती शिल्लक ज्या खोलीत बसून खर्च होते, त्या खोलीची रचना हा सार्वजनिक प्रश्न आहे.

जुन्या पेढीची बैठक अनेकांनी पाहिलेली असेल. सांगलीत गाडगीळांची पेढी १८३२ साली सुरू झाली, जळगावात राजमल लखीचंदांची १८५४ साली. त्या काळापासून अगदी परवापरवापर्यंत सराफी दुकानाचा साचा साधारण एकच होता. पांढरी गादी, लोड-तक्के, मागे तिजोरी, आणि सराफाच्या पुढ्यात काचेच्या पेटीतला पितळी तराजू. बाजूला गुंज, मासा अशा जुन्या मापांची वजनं, आणि सोनं घासून पारखायचा काळा कसोटीचा दगड. गिऱ्हाईक समोर मांडी घालून बसायचं आणि तराजू दोघांच्या मधोमध असायचा. बैठकीतल्या प्रत्येकाला काटा स्थिरावताना दिसायचा. ही मांडणी कुणा सजावटकाराने केलेली नव्हती, पण ती बिनचूक होती. ज्या गोष्टीवर व्यवहार उभा, तीच खोलीच्या मध्यभागी.

म्हणून त्या पेढीचे गोडवे गायचे असं मात्र नाही. कसोटीवरची रेघ वाचणारा डोळा फक्त सराफाचा असायचा, गिऱ्हाइकाने मान डोलवायची. भावाची बोलणी पुरुष करायचे. जिच्या गळ्यात दागिना पडणार ती मागे बसून राहायची, आरशात पाहायचं तर संकोचत. पावती मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असा समज होता. बावीस कॅरेट म्हणून घेतलेलं सोनं वीस वर्षांनी मोडायला नेल्यावर त्यापेक्षा हलकं निघालं, अशा हकिगती घरोघर आहेत. नव्या शोरूमने यातलं बरंच काही सुधारलं. बाई स्वतः येऊन बसते, दहा हार गळ्याला लावून पाहते, नको म्हणते, उठून जाते. हा बदल मोठा आहे आणि त्यात दुकानाच्या मांडणीचा वाटा आहे. बसायला खुर्ची, समोर मोठा आरसा, सोबत आलेल्या सासूबाईंना पाणी आणि चहा, या गोष्टींना मी कधीच कमी लेखणार नाही.

प्रश्न त्यापुढचा आहे. फिलिप कोटलर या विपणनाच्या अभ्यासकाने १९७३ साली मांडलं की दुकानातलं वातावरण, म्हणजे उजेड, वास, आवाज, स्पर्श, हे स्वतःच विक्रीचं साधन असतं आणि ते मुद्दाम घडवता येतं. गेल्या पन्नास वर्षांत जगभरच्या दुकानांनी हे तंत्र पक्कं आत्मसात केलं. आता तर दुकान हा एक ‘अनुभव’ असावा, गिऱ्हाइकाने त्यात बुडून जावं, अशी भाषा प्रत्येक सादरीकरणात असते. साडीच्या किंवा अत्तराच्या दुकानात माणूस बुडाला तर फारसं बिघडत नाही. साडी हातात घेऊन कळते, अत्तर मनगटावर कळतं. सोन्याचा कस हाताला कळत नाही, नजरेला कळत नाही. जी वस्तू इंद्रियांनी पारखता येत नाही, तिच्या विक्रीत इंद्रियांनाच भुलवायचं ठरवलं, तर गिऱ्हाइकाच्या हाती काय उरतं?

उजेडापासून सुरुवात करते, कारण शोरूममधला सगळ्यात प्रभावी विक्रेता तोच असतो. सोन्यावर साधारण २७०० ते ३००० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचं माप) पिवळसर उबदार प्रकाश टाकला की ते भरदार दिसतं. हिऱ्यावर ४००० केल्विनच्या वरचा पांढरा प्रकाश टाकतात. तोही पसरलेला नाही, तर छतातल्या लहान लहान दिव्यांतून टोकदार झोतासारखा येणारा. असा झोत हिऱ्याच्या पैलूंवर पडला की रंगांच्या ठिणग्या उडतात, आणि बोट जरासं हललं तरी लखलखाट होतो. यात फसवणूक काही नाही, हिऱ्याचा तो गुणच आहे. पण त्याच झोतात खड्याच्या अंगचा पिवळेपणा किंवा धूसरपणा दिसेनासा होतो. तो पाहायचा तर पसरलेला, शांत, पांढरा उजेड लागतो. हिऱ्याचे जाणकार पिढ्यानपिढ्या उत्तरेकडच्या खिडकीपाशी बसून खडे पाहत आले ते याचसाठी. आज प्रयोगशाळेत प्रतवारी होते तीही दिवसाच्या उजेडाशी मिळत्याजुळत्या प्रमाणित प्रकाशात.

आता दोन टेबलं शेजारी शेजारी ठेवून पाहा. हिऱ्याचा व्यापारी दुसऱ्या व्यापाऱ्याकडून माल घेतो, तेव्हा टेबलावर पांढरा कागद असतो, पांढरा साधा दिवा असतो, हातात चिमटा आणि डोळ्याला भिंग. पुडी उघडली जाते, खडे कागदावर पसरले जातात. तोच खडा अंगठीत बसून शोरूममध्ये येतो, तेव्हा खाली काळी मखमल असते आणि वर झोतांची रांग. जाणकार माणूस स्वतःच्या पैशाने विकत घेताना जो उजेड निवडतो, तो उजेड आपण अजाण गिऱ्हाइकाला का देत नाही? मला या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर एकाही मालकाने दिलेलं नाही. ‘साध्या उजेडात माल पडेल’ एवढंच ऐकायला मिळतं. साध्या उजेडात जो पडतो, तो माल तेवढ्या किमतीचा नव्हता, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

शिवाय दागिना वापरला जाणार आहे तो घरातल्या ट्यूबलाइटखाली, हळदीकुंकवाला, कचेरीत, मंगल कार्यालयाच्या अंगणात. दालनाच्या झोतात ठुशी कशी दिसते, यापेक्षा दुपारच्या उजेडात आपल्या सावळ्या गळ्यावर ती कशी दिसते, हे पाहण्याचा हक्क बाईला आहे. आपली दुकानं तर दागिने मांडतात पांढऱ्याशुभ्र मखमली मानांवर. तसा गळा महाराष्ट्रात कुणाचा असतो?

नैसर्गिक उजेडाने धंदा बसतो, हाही समज खरा नाही. पॅरिसच्या प्लास वांदोम चौकात आज जगातले नामांकित जवाहिरे रांगेने आहेत. तिथे पहिलं दुकान थाटलं फ्रेदेरिक बूशरों यांनी, १८९३ साली. २६ क्रमांकाचीच कोपऱ्यावरची इमारत त्यांनी का निवडली, तर चौकातला सगळ्यात जास्त ऊन येणारा कोपरा तो होता आणि त्या उन्हात हिरे जास्त चमकतील, असं सांगितलं जातं. म्हणजे विलासी दुकानांच्या माहेरघरीसुद्धा सुरुवात खिडकीपासून झाली. आपल्याकडे बाराही महिने ऊन आहे, आणि आपण दर्शनी काचेवर आतून जाहिरातीचे फलक लावून ते बंद करतो. मला वाटतं, प्रत्येक दुकानात एक तरी टेबल खिडकीशी असावं आणि दागिना तिथे नेऊन पाहा, असं विक्रेत्यानेच सुचवावं.

आता काटा. सोन्याचा इलेक्ट्रॉनिक काटा मिलिग्रॅमचे आकडे दाखवतो. इतकं नाजूक यंत्र वाऱ्याच्या झुळुकेनेही डळमळतं, म्हणून त्याच्या पारड्याभोवती काचेचं आवरण असतं. वातानुकूलनाची जाळी नेमकी बिलिंगच्या डोक्यावर काढलेली आणि काट्याचं आवरण काढून बाजूला ठेवलेलं, असं दृश्य मी पाहिलं आहे. आकडा वर-खाली होत होता, काउंटरमागचा मुलगा त्यातला एक निवडून लिहीत होता. बावीस कॅरेटचा भाव ग्रॅमला नऊ हजार धरला, तर शंभर मिलिग्रॅमचा फरक म्हणजे नऊशे रुपये. तो फरक कुणाच्या मनात खोट नसतानाही पडू शकतो, केवळ जाळी चुकीच्या जागी आहे म्हणून. काट्याचं टेबल भक्कम असावं, वाऱ्याच्या झोताबाहेर असावं आणि आकड्याची पाटी गिऱ्हाइकाच्या बाजूलाही असावी. हे काम सजावटकाराचं आहे, आणि आम्ही ते आमचं मानत नाही.

वजनातही दोन वजनं असतात. बोरमाळेच्या पोकळ मण्यांत लाख असते, तन्मणीत मोती आणि खडे असतात, मंगळसूत्रात काळे मणी. एकूण वजन वेगळं आणि सोन्याचं निव्वळ वजन वेगळं. ही वजाबाकी गिऱ्हाइकाच्या समोर, त्याला दिसेल अशा पडद्यावर झाली पाहिजे. घडणावळीचंही तसंच. चाळीस ग्रॅमच्या हाराचं सोनं नऊ हजारांच्या भावाने तीन लाख साठ हजारांचं होतं. त्यावर घडणावळ बारा टक्के की वीस टक्के, यात अठ्ठावीस हजार आठशे रुपयांचा फरक आहे. सोन्याचा दर दाराशी मोठ्या फलकावर झळकतो, पण घडणावळीचा दर कुठल्याच भिंतीवर दिसत नाही. तो विक्रेत्याच्या तोंडी असतो, किंवा चिठ्ठीवरच्या बारीक अक्षरात. अशी एक ओळ भिंतीवर लिहायला किती संगमरवर लागतो?

शुद्धतेची सरकारी खूण, म्हणजे हॉलमार्क आला, आता कसाची काळजी मिटली, असं म्हटलं जातं. बरीचशी मिटली, हे खरंच. जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरांकांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र ओळखक्रमांक, असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, २२के९१६ (बावीस कॅरेट, ९१.६ टक्के सोनं) सारखी शुद्धतेची खूण आणि हा क्रमांक, अशा तीन खुणा दागिन्यावर लेसरने कोरलेल्या असतात. पण त्या कोरलेल्या असतात बांगडीच्या आतल्या बाजूला नाहीतर साखळीच्या कडीशी, आणि इतक्या बारीक की चाळिशी लागलेल्या माणसाला त्या दिसणं शक्य नाही. सराफाने दहापट मोठं दाखवणारं भिंग दुकानात ठेवावं, हे हॉलमार्किंगच्या नियमांतच आहे. ते भिंग आपणहून हातात किती दुकानांत दिलं जातं, ते वाचकांनी आठवून पाहावं. बीआयएस केअर अ‍ॅपवर तो क्रमांक घातला की कुणी आणि कुठल्या केंद्रात तो दागिना तपासून घेतला आणि त्याची शुद्धता काय, हे कळतं. त्यासाठी मोबाइलला रेंज लागते, आणि जाड भिंतींच्या, तळघरातल्या दालनात नेमकी तीच नसते. भिंगाचं एक टेबल, त्यावर चांगला दिवा, मोठा पडदा आणि गिऱ्हाइकांसाठी वायफाय. फोटोच्या कोपऱ्याच्या खर्चात हे सगळं बसतं.

एका गोष्टीने मला खरोखर अस्वस्थ केलं आहे. २०२१ च्या हॉलमार्कच्या आदेशातून कुंदन, पोलकी आणि जडावाचे, म्हणजे सोन्यात खडे जडवलेले पारंपरिक दागिने वगळले गेले, कारण त्यांची तपासणी करणंच अवघड असतं. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूही वगळल्या गेल्या. कारणं पटण्यासारखी आहेत. पण दुकानाच्या आराखड्यावर हे दागिने शोधा. कुंदन आणि पोलकी मांडलेली असते ती नवरीच्या दालनात, जिथे झुंबर असतं, गुलाबाचा वास असतो, शहनाई वाजत असते आणि कुटुंब सगळ्यात हळवं झालेलं असतं. ज्या मालाला सरकारी खुणेचा आधार सगळ्यात कमी, तोच माल सगळ्यात भारलेल्या खोलीत विकला जातो. असं कुणी कट करून ठरवलेलं नसेल. तरीही त्या खोलीत भिंग, काटा आणि खिडकी यांची गरज दुप्पट आहे.

यावर मालकांचं म्हणणं मी नेहमी लक्षपूर्वक ऐकते. लग्नाची खरेदी हा आनंदाचा प्रसंग आहे, त्यात कोर्टकचेरीसारखी मोजमापं कशाला? विश्वासावर चाललेल्या घराण्याच्या नावाला त्याने बट्टा लागेल. अनुभव मात्र वेगळं सांगतो. टायटन कंपनीच्या तनिष्कची दुकानं १९९६ पासून उघडू लागली, आणि नव्या दागिन्यांच्या दुकानावर लोक सहजासहजी विश्वास ठेवायला तयार नव्हते. तेव्हा तिथे कॅरेटमीटर ठेवलं गेलं. दागिन्यावर क्ष-किरण टाकायचे आणि परत येणाऱ्या किरणांवरून त्यात सोनं किती, तांबं-चांदी किती, हे दागिना न तोडता पडद्यावर दाखवायचं. बायका घरचे दागिने घेऊन आल्या आणि आपल्या डोळ्यांनी आकडा पाहून गेल्या. भारतीय दागिन्यांच्या दुकानात गेल्या तीस वर्षांत गिऱ्हाइकाला खरोखर गुंतवून ठेवणारा अनुभव कुठला घडला, असं मला विचारलं तर मी कुठल्याही झुंबराचं नाव घेणार नाही, या यंत्राचं घेईन. लोक त्यासमोर श्वास रोखून उभे राहायचे. कुठल्याही कारंज्यासमोर तसं कुणी उभं राहत नाही. या यंत्राला मर्यादा आहे, ते पृष्ठभागालगतचाच थर वाचतं, हेही शेजारी लिहून ठेवावं. तेवढ्याने त्याचा मान कमी होत नाही.

सुरक्षेचा मुद्दा खरा आहे आणि तो मी उडवून लावत नाही. खिडकी म्हणजे जोखीम, उघडा काटा म्हणजे गर्दी, हे मान्य. पण चोरापासून दागिना वाचवण्यासाठी जितकी बुद्धी खर्च होते, तिच्या दहाव्या हिश्शाने खिडकी आणि सुरक्षा दोन्ही साधता येतात. जाड काचा, उंचावरचे झरोके, आतल्या चौकातून येणारा उजेड, हे आमच्या धंद्यातलं रोजचं काम आहे.

आणि मग दुकानातली ती जागा, जिच्याबद्दल एकही मालक बोलत नाही. मोडीचा, म्हणजे जुनं सोनं विकायचा काउंटर. दागिना घ्यायला येणारा माणूस एका मनःस्थितीत येतो, मोडायला येणारा दुसऱ्या. दवाखान्याचं बिल असतं, मुलाची फी असते, पिकाचं नुकसान झालेलं असतं. एका मोठ्या शोरूममध्ये मी काम बघायला गेले होते. तळमजल्यावर सरबत फिरत होतं. मोडीचा काउंटर होता जिन्याखाली, लिफ्टच्या यंत्राच्या खोलीला लागून. तिथे दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. साठीच्या घरातल्या एक बाई पदराच्या टोकाला बांधलेल्या पाटल्या सोडत होत्या. पाटल्या आतल्या खोलीत नेल्या गेल्या, दार बंद झालं, आणि काही वेळाने कागदावर एक आकडा बाहेर आला. काय घट धरली, किती कस लागला, त्यांनी विचारलं नाही. विचारायला समोर कुणी नव्हतंच. त्या घरात मोडलेलं सोनं परत कधी येईल, कुणी सांगावं.

मोडीचं सोनं गाळल्यावरच खरं कळतं. म्हणून गाळणी गिऱ्हाइकाला दिसली पाहिजे. काही दुकानांनी काचेपलीकडे लहान भट्टी बसवून हे केलं आहे. मालकाला वाटतं तितकं ते महाग नाही. वजन आधी, गाळल्यानंतर पुन्हा वजन, मग कस, आणि तिन्ही आकडे समोरच्या पडद्यावर. बसायला तीच खुर्ची जी नवरीला मिळते. या जागेला थोडा आडोसाही हवा, कारण आपण सोनं मोडतो आहोत हे ओळखीच्या कुणी पाहू नये, असं माणसाला वाटतं. अब्रू झाकायची आणि मोजमाप उघडं ठेवायचं, हे दोन्ही एका वेळी साधणं कठीण आहे. पण कठीण म्हणूनच त्यासाठी कसबी सजावटकार हवा. झुंबर तर कुणीही लटकवतो.

वैधमापन विभाग काट्याची ठरावीक मुदतीने पडताळणी करून मुद्रा मारतो. मुद्रा आहे की नाही एवढं पाहून न थांबता आकडा गिऱ्हाइकाला दिसतो की नाही, हेही त्याच फेरीत तपासलं जावं. बीआयएसने भिंगाची अट कागदावर ठेवू नये. ग्राहक पंचायतीसारख्या संघटनांनी गुरुपुष्य आणि अक्षय्य तृतीयेच्या आधी दुकानांची पाहणी करून यादी जाहीर करावी. आणि आमच्या व्यवसायाने स्वतःपासून सुरुवात करावी. दुकानांच्या सजावटीला दरवर्षी पुरस्कार दिले जातात. परीक्षकांसमोर जातात ते रिकाम्या दालनांचे फोटो, माणूस नसलेले, सगळे दिवे लावलेले. निदान एका परीक्षकाने न सांगता त्या दुकानात जुनी अंगठी मोडायला म्हणून जावं, आणि आपल्याला कुठे बसवलं, काट्यावरचा आकडा वाचता आला का, गाळणी पाहायला मिळाली का, याचे गुण निकालात धरावेत.